नऊ नंबरचा बिल्ला

हेमांगी संशयी आहे, असं कळव्याच्या मासळीबाजारातल्या सगळ्या बायका म्हणायच्या. असेलही. पण हा संशय तिने काही आईच्या पोटातून आणलेला नव्हता, चांगले पैसे मोजून विकत घेतलेला.

झालेलं असं, की तिच्या नवऱ्याने, सहदेवने, टेम्पो घ्यायचं ठरवलं तेव्हा फायनान्सवाल्याने सुचवलं की कर्ज बाईच्या नावावर घ्या, व्याज कमी पडेल. हेमांगीने सह्या केल्या. वर्षभर टेम्पो चालला, मग लॉकडाऊन लागला, हप्ते थकले आणि एके सकाळी ठाकुर्लीच्या त्यांच्या चाळीसमोरून टेम्पो उचलून नेला. नंतर वसुलीवाला घरी येऊन गोड गोड बोलला. "ताई, एकरकमी अर्धे भरा, बाकीचे कंपनी सोडून देईल. प्रकरण कायमचं मिटेल." हेमांगीने गंठण मोडलं आणि अर्धे भरले. मिटलं एकदाचं म्हणून एकवीरेला नारळसुद्धा वाहिला.

मिटलं कसलं, डोंबल! यंदा नवरात्रात डोंबिवलीच्या एका बँकेत कर्ज मागायला गेली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि चेहरा पाडला. "ताई, तुमचा स्कोअर फारच कमी आहे. जुनं कर्ज पूर्ण फेडलेलं नाही असं दिसतंय."

"अहो, मिटवलेलं ते. पावती आहे माझ्याकडे."

"मिटवलेलं म्हणजे फेडलेलं नाही ना ताई. अर्धे बुडवले अशीच नोंद राहते. ती पुसायला वर्षं जातात."

म्हणजे गंठणही गेलं आणि नावही गेलं. त्या गोड बोलणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून कोणी गोड बोललं की हेमांगीच्या मनात पाल चुकचुकायची, आणि तिचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही.

आता कर्ज हवं कशाला, ते ऐका. हेमांगीच्या घरात एक डीप फ्रीजर होता. त्याच्यावरच घर चालत होतं म्हणा ना. सकाळी कळव्याच्या बाजारात आईच्या ओट्यावर विक्री, आणि संध्याकाळी डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या ऑर्डरी. साफ केलेली सुरमई, सोललेली कोळंबी, व्हॉट्सअ‍ॅपवर सांगा, घरपोच घ्या. पावसाळ्यात बोटी बंद असतात म्हणून तिने आधीच फ्रीजर गच्च भरून ठेवला. मग श्रावण आला, मग गणपती, मग नवरात्र. लोकांनी मासळी सोडली, मीटरने काही पळणं सोडलं नाही. त्यात सहदेवचा पाय मोडला आणि आंबिवलीच्या गोदामातली त्याची वॉचमनची नोकरी बिनपगारी झाली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. लाइटबिल साठत साठत एकोणीस हजारांवर गेलं, मुलीच्या क्लासची फी वेगळीच. शुक्रवारपर्यंत भरलं नाही तर लाइट कापू, असा मेसेज आला.

शनिवारी दसरा होता. दसरा उलटला की रविवारी अख्खी डोंबिवली मासळीवर तुटून पडते. त्या रविवारच्या ऑर्डरींसाठी हेमांगीने उधारीवर माल उचलून फ्रीजरमध्ये भरलेला. लाइट गेली तर माल कुजणार, माल कुजला तर उधारी अंगावर येणार, आणि एकदा सोसायटीच्या ग्रुपवर 'मासळी खराब निघाली' असं पडलं की पुन्हा कोणी ऑर्डर देणार नाही. एवढं सगळं त्या एका बिलावर टांगलेलं.

बँकेतून बाहेर पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला फोन आला. हितेश नावाचा कोणी. आवाज असा, की जिलबी तळून पाकात टाकावी.

"मॅडम, आमच्याकडे स्कोअर खराब असला तरी चालतो. पन्नास हजार, तासाभरात खात्यात. फक्त फाइलची फी साडेतीन हजार आधी भरायची."

"मला पैसे लागतायत हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सिस्टीममध्ये दिसतं मॅडम."

"मग त्या पन्नासातूनच फी कापून घ्या ना. उरलेले द्या."

"तसं करता येत नाही, मॅडम."

"ऑफिस कुठे आहे तुमचं? मी येऊन भरते."

"सगळं ऑनलाइन आहे, मॅडम."

हेमांगीने फोन ठेवला. तिच्या बाजूच्या ओट्यावर बसणाऱ्या मालनने गेल्या वर्षी अशीच फी भरलेली. कर्ज तर आलं नाहीच, वर दुसरी फी, तिसरी फी करत दहा हजार गेले आणि फोन बंद. हेमांगीने तो नंबर 'चोर' ह्या नावाने सेव्ह करून ठेवला, पुन्हा आला तर ओळखू यावा म्हणून. बघा, संशय कामाला येतो तो असा. आणि एकदा कामाला आला की माणूस त्याला डोक्यावर बसवतो, ती पुढची गोष्ट.

राहिली भिशी.

बाजारातल्या बारा बायकांची भिशी होती. दर महिन्याला एकेकीने तीन हजार टाकायचे आणि छत्तीस हजार एकीने उचलायचे. कोणाचा नंबर कधी, ते सोडतीवर. आता इतर भिशीत कागदाच्या चिठ्ठ्या टाकतात, पण मासळीबाजारात कागद टिकतो कुठे? हात ओले, ओटा ओला, पिशवी ओली. म्हणून ह्या बायकांच्या भिशीत पितळेचे जाडजूड बिल्ले होते, प्रत्येकीच्या ओट्याचा नंबर ठोकलेले. मातीच्या मडक्यात बिल्ले टाकायचे, हात घालायचा, एक काढायचा. हेमांगीचा नंबर नऊ. तो तिच्या आईचा ओटा. आई जाऊन सहा वर्षं झाली, पण बिल्ला तोच.

भिशी चालवायची कलावतीमावशी. वय सत्तरीकडे झुकलेलं, बाजारातली सगळ्यात जुनी कोळीण, हेमांगीच्या आईची जिवाभावाची मैत्रीण. बिल्ले तिच्याच कापडी बटव्यात असायचे आणि मडक्यात हातही तीच घालायची. डोळे मिटून एकवीरेचं नाव घ्यायची, हात आत फिरवायची, बिल्ला वर काढायची. आठ महिने झालेले, आठ जणींनी पैसे उचललेले. चौघी राहिलेल्या: हेमांगी, दक्षता, मंजुळा आणि कल्पिता. कल्पिता म्हणजे कलावतीमावशीची सख्खी सून.

कर्जाची दारं बंद झाली तेव्हा हेमांगी रात्रंदिवस ह्या भिशीचाच विचार करायला लागली. आणि विचार करता करता तिला एक गोष्ट दिसली, जी आठ महिने कोणालाच दिसली नव्हती. मालनच्या मुलीचं लग्न ठरलं, त्याच महिन्यात भिशी मालनला लागली. संचिताच्या घराचे पत्रे वादळात उडाले, पुढच्याच सोडतीला संचिताचा बिल्ला. तिसरीच्या नवऱ्याला दवाखान्यात टाकलं, भिशी तिला.

नशीब काय कॅलेंडर बघून येतं? हेमांगीने सहदेवला विचारलं.

"तू पण ना," सहदेव प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून म्हणाला. "लागली त्यांना. तुझं काय गेलं?"

"पाणी मुरतंय कुठेतरी. जिला घाई असते ती म्हातारीला आधी गाठत असणार. मला काढ, तुला दोन हजार देते. असंच असणार."

"कलावतीमावशी? अगं, तुझ्या बारशाला घुगऱ्या वाटल्या तिने."

"वसुलीवालापण मला ताई म्हणायचा," हेमांगी म्हणाली, आणि सहदेव प्लास्टरची कड खाजवायला लागला. टेम्पोचा विषय निघाला की त्याचं असंच व्हायचं.

मग सोमवारी मावशीने स्वतःहून तिला गाठलं. ओट्याशी येऊन उभी राहिली आणि जरा इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "काय गो हेमांगी, घरचा फ्रीजर चालू हाय ना?"

हेमांगीच्या मनात पाल चुकचुकली. हिला कसं कळलं? लाइटबिलाचं तिने बाजारात कोणालाही सांगितलं नव्हतं, मालनलासुद्धा नाही. "चालू आहे. का?"

"काय नाय, इचारला. पैशाचा काय आडला तर बोलावा मानसानं."

बोलावं म्हणे. म्हणजे सौदा करावा. हेमांगीच्या डोक्यात सगळं चपखल बसलं. एक तर म्हातारी टक्केवारी मागत होती, नाहीतर हेमांगीचे भिशीचे पुढचे हप्ते बुडणार का ते चाचपून बघत होती. "काही अडलेलं नाही," ती ठसक्यात म्हणाली आणि कोयता घेऊन उगाचच रिकामी फळी खरवडायला लागली. मावशी निघून गेली.

त्यात कल्पिताने स्कूटी बुक केली. ओट्याओट्यावर फोटो दाखवत फिरत होती, हा रंग बरा की तो. पहिला भरणा दसऱ्याला करायचा म्हणाली. हेमांगीने मनातल्या मनात हिशेब मांडला. मडकं सासूचं, हात सासूचा, आणि स्कूटी सुनेची. ह्या महिन्याचा बिल्ला कोणाचा निघणार ते सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

गुरुवारी दुपारी भिशी होती. नवरात्रातला गुरुवार, बाजारात चिटपाखरू नाही. अर्धे ओटे रिकामे, वर उलट्या टाकलेल्या टोपल्या. हेमांगी लवकरच येऊन कोपऱ्यातल्या खांबाआड बसली. बसली म्हणजे काय, नजर ठेवून बसली.

कलावतीमावशीच्या ओट्यावर विकायला एक मांदेलीसुद्धा नव्हती. तरी बाजूला थर्माकोलचा खोका होता आणि त्यात बर्फ होता. विकायला मासळी नाही आणि बर्फ विकत घेतला, ही कुठली तऱ्हा? मावशीने आजूबाजूला बघितलं, बर्फात हात घातला, काहीतरी काढलं, पदराला पुसलं आणि बटव्यात टाकलं. काय ते हेमांगीला दिसलं नाही. पण आजूबाजूला बघून केलेलं काम सरळ नसतं, एवढं तिला कळत होतं.

बायका जमल्या. मालन, संचिता, दक्षता, मंजुळा, एकेक करत बाराजणी. कल्पिता नवी साडी नेसून आली, रंग त्या दिवसाचा. पैसे गोळा झाले, नोटांचा गठ्ठा मावशीच्या मांडीवर. हेमांगीने आपले तीन हजार शेजारणीकडून उसने आणलेले, ह्यावर आता एक रुपया मागू नकोस असं तिने बजावूनच दिलेले. मावशीने बटव्यातून बिल्ले काढले, एकेक सगळ्यांना दाखवला आणि मडक्यात टाकला. चार, सात, नऊ, अकरा. मडकं हलवलं. मग डोळे मिटले आणि हात आत घालायला गेली.

"थांब मावशी," हेमांगी म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या.

"आज हात मी घालणार."

"का गं?" मालनने विचारलं.

"का म्हणजे? आठ महिने एकाच माणसाचा हात. आता राहिलेल्यांत घरचं माणूस आहे. मी काही बोलत नाही, पण रीत ती रीत."

काही बोलत नाही म्हणत ती सगळंच बोलली. कल्पिता तडकली. "म्हणजे काय म्हणायचंय तुला?" दक्षताने तिला हाताला धरून खाली बसवलं. मंजुळा हळूच म्हणाली की घालू दे, त्यात काय बिघडलं. एक-दोघींनी माना डोलवल्या. बघा, संशय असा असतो. एकीला शिंक आली की चौघींना सर्दी.

कलावतीमावशीचा चेहरा पडला. "हात माजाच आसतो गो हेमांगी. ऐक माजा."

"तेच तर म्हणतेय. का तुझाच असतो?"

 मावशीला काहीतरी बोलायचं होतं, ओठ हललेसुद्धा, पण बाराजणींच्या समोर ते गिळलं. मग मडकं तिने हेमांगीकडे सरकवलं. "बरा. घाल हात. पन घाई करू नको. हाताला काय लागतंय त्याच्याकडं ध्यान दे."

हेमांगीने डोळे मिटले नाहीत. मावशीच्या तोंडावरच नजर ठेवून तिने मडक्यात हात घातला. पहिला बिल्ला लागला, दुसरा लागला. तिसऱ्यावर बोट पडलं आणि थबकलं.

गार. बाकीचे हवेसारखे कोमट आणि हा बर्फासारखा गार. लहानपणापासून बर्फात हात घालणाऱ्या बाईच्या बोटांना हे सांगायला लागत नाही. एका क्षणात तिला सगळं कळलं. खोका, बर्फ, पदराला पुसणं. ही होय म्हातारीची विद्या! डोळे मिटून एकवीरेचं नाव घ्यायचं आणि बोटांनी गार बिल्ला शोधायचा. आणि आज गार कोणाचा असणार? स्कूटीवालीचा.

सांगू का सगळ्यांना, असं तिच्या मनात आलं. मडकं उपडं करून म्हणू का, हात लावून बघा गं बायांनो. पण मग भिशी मोडेल, पैसे ज्याचे त्याला परत जातील, आणि उद्या शुक्रवार. नाही. त्यापेक्षा हिचा डाव हिच्यावरच उलटवायचा. गार सोडला की राहिले तीन, त्यातला एक आपला. तिनात एक. एवढं नशीब देवी देईल की नाही?

मावशी तिच्याकडेच बघत होती, अगदी डोळ्यांत प्राण आणून. हेमांगी तिच्याकडे बघून हसली. गार बिल्ला तिने बोटाने बाजूला ढकलला, दुसरा एक उचलला आणि वर काढला.

"सात," मालनने वाचलं. "दक्षताची."

दक्षताने दोन्ही हात तोंडावर ठेवले. नवऱ्याच्या होडीचं इंजिन दिवाळीत करायचं म्हणत होती ती, ते आता दसऱ्याला होणार. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. कल्पिताने नाक मुरडलं आणि म्हणाली, "झालं समाधान?" हेमांगीला खरंच थोडं समाधान झालेलं. भिशी लागली नाही, पण म्हातारीचा डाव फसला ना.

 मावशीने गठ्ठा दक्षताच्या ओटीत घातला. एकेक बाई उठून गेली, कल्पितासुद्धा गेली. हेमांगी मुद्दाम मागे राहिली. तिला म्हातारीला ऐकवायचं होतं.

"आता दाखव," ती म्हणाली. "गार कुठला ठेवलेलास ते दाखव. कल्पिताचाच ना?"

कलावतीमावशीने मडकं तिच्यासमोर उपडं केलं. तीन बिल्ले ओट्यावर पडले. हेमांगीने अकरा नंबरचा उचलला, कल्पिताचा. कोमट. चार नंबरचा उचलला, मंजुळाचा. कोमट. मग तिसऱ्याकडे हात नेला आणि उचलायच्या आधीच तिला नंबर दिसला. तरी उचलला. तळहातावर ठेवला. अजून गार होता.

नऊ.

"सकालपासून बर्फात ठेवलेला," मावशी म्हणाली.

 हेमांगी ओट्याच्या कडेवर टेकली. "तुला कसं कळलं? बिलाचं?"

"उधारीवर सुरमय घ्यायला कालोखात येतीस, म्होरं क्लासवाल्या बायचा फोन आला का आवाज बारीक करतीस, गंठण नाय, कुडी पन नाय कानात. येवढा मोटा फ्रीजर, बिल थकला आसंल ह्या कलायला काय लागतंय? म्हनून तर सोमवारी इचारला. तू बोललीस काय आडला नाय."

"मग तेव्हाच सांगायचंस ना, की मी तुझा बिल्ला काढणार आहे म्हणून."

"सांगून दिला का उपकार होतो, पोरी. मडक्यातून निगाला का नशीब. घेनाऱ्याची मान खाली जात नाय." मावशीने बिल्ले बटव्यात भरले, नऊ नंबरचा मात्र हेमांगीच्या हातातच राहू दिला. "ह्या बर्फाचा तुज्या आयशीनं शिकवला मना. ती होती तवर हात तिचा आसायचा. मालनला, संचिताला, कोनालाच म्हाईत नाय. म्हाईत झाला तर भिशी मोडंल."

हेमांगीला रडू आलं नाही, स्वतःची चीड आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तिने तर हात मडक्यात घालून करून घेतलं. दोन बोटांच्या अंतरावर छत्तीस हजार होते आणि तिने ते आपल्याच बोटाने बाजूला ढकललेले. वर हसलेली. ते हसणं तिला आता सगळ्यात जास्त टोचत होतं.

"मी दक्षताला बोलू काय? बदलून घे म्हनून?" मावशीने विचारलं.

"काय सांगशील तिला? का बदलायचं?"

 कमरेची पिशवी सोडून मावशीने चुरगळलेल्या नोटा पुढे केल्या, हजार-दीड हजार असतील. हेमांगीने त्या परत तिच्या मुठीत घातल्या. ज्या बाईला सगळ्या बाजारासमोर चोर ठरवलं, तिच्याकडून काय तोंडाने घ्यायचं?

"फुडल्या म्हयन्यात परत बर्फात ठेवते," मावशी म्हणाली. "तवर धीर धर."

पुढचा महिना. फ्रीजर काय महिनाभर धीर धरणार होता?

मावशी खोक्यातला बर्फ गटारात ओतून निघून गेली. हेमांगी एकटीच आईच्या ओट्यावर येऊन बसली. बिल्ला मुठीत होता, आता कोमट झालेला, बाकीच्यांसारखाच. उद्या वायरमन येणार. सहदेव लंगडत दारात जाणार आणि त्याच्याशी हुज्जत घालणार. मग फ्रीजरची घरघर थांबणार. दारं बंद झालेली तिने एकेक करून आठवली, बँकेचं, शेजारणीचं, भिशीचं. शेवटचं तर तिने स्वतःच लावून घेतलेलं. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याच्यावर ठेवला नाही, हे एकदा कळलं की माणसाचा आपल्या अकलेवरचाच विश्वास उडतो. वाटतं, तेव्हा जे चुकीचं वाटलेलं तेही कदाचित बरोबर असेल.

फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, 'चोर'.

हेमांगीने तो वाजू दिला. बंद झाला, परत वाजला. तिने बिल्ला कमरेला खोचला, पदराने हात पुसले आणि फोन उचलला.

"फाइलची फी," ती म्हणाली, "किती बोललेलात तुम्ही?"